कुणाच्या खोलीचं तापमान

माझ्या प्रबंधाचा पहिला खर्डा सरांनी परत केला तेव्हा त्यात जिथे जिथे 'रूम टेंपरेचर' हे शब्द होते तिथे तिथे लाल गोल होता आणि प्रत्येक गोलाशेजारी एकच प्रश्न लिहिलेला होता : कुणाची रूम?

मी तो गठ्ठा घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "सर, सगळं जग असंच लिहितं. रूम टेंपरेचर म्हणजे पंचवीस अंश, असं सगळे धरून चालतात."

"चालू दे की," सर म्हणाले. "जगाच्या खोलीत असेल पंचवीस. या खोलीत किती आहे बघ." आणि खिशातलं थर्मामीटर काढून त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं. छत्तीस होतं, आणि अजून मार्च संपायचा होता.

पीएचडी करणाऱ्या माणसाला गाइड कसा मिळतो हा नशिबाचा भाग असतो. काहींचे गाइड भेटतच नाहीत, काहींचे घरची भाजी आणायला पाठवतात. माझे सर रोज भेटत, भाजी कधी सांगत नसत आणि तरीही त्यांच्यापायी मी सोलापूर-मोहोळ एसटीत जितक्या वेळा दातओठ खाल्ले तितक्या वेळा पोटभर जेवलेही नसेन.

ते थर्मामीटर आधी सांगायला हवं. काचेचं, लाल रेघेचं, प्रयोगशाळेत असतं तसलं साधं. शर्टाच्या खिशात ठेवलेलं आणि पडू नये म्हणून दोऱ्याने वरच्या गुंडीला बांधलेलं. चहा आला की पहिल्यांदा ते चहात जायचं. साठच्या खाली उतरल्याशिवाय सर कप ओठाला लावत नसत आणि सरांच्या आधी प्यायचं कसं म्हणून आम्हीही कप धरून बसायचो. मग ते रुमालाला पुसून परत खिशात. सकाळी त्याच थर्मामीटरने आम्ही काय काय मोजलं होतं हे मला ठाऊक असायचं, पण मी बोलत नसे. एका विद्यार्थ्याच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत ते आमटीच्या वाटीत घातलं. हे कुणी सरकारी तपासणीस आले असावेत अशी मुलीकडच्यांची समजूत झाली आणि सरांच्या पानात जिलेबी चार वेळा पडली. शेजारी मी होते. मला एकदाच मिळाली.

मोबाइल ते बाळगत नसत. का, विचारलं तर म्हणत, "खिशात तापतो. मग माझं थर्मामीटर खोटं बोलतं."

सर अक्कलकोटकडचे. घरात कानडी, कॉलेजात मराठी, आणि राग आला की दोन्ही बंद. मी लांबलचक कारणं सांगायला लागले की हात वर करून "साकु, साकु" म्हणत. म्हणजे पुरे. त्यांच्याकडून मी शिकलेला हा एकमेव कानडी शब्द, आणि तो मला रोज ऐकायला मिळायचा.

आम्ही करत होतो ते काम तसं सुंदर होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. गार असताना पाण्यासारखं पातळ असणारं आणि अंगाच्या उबेला घट्ट होणारं एक जेल. त्यात औषध मिसळायचं, सुईने टोचायचं. आत गेलं की ते तिथेच थिजून गोळी होऊन बसतं आणि औषध थोडं थोडं सोडत राहतं. रोज सुई नको. काम संपलं की जेल स्वतःही अंगात विरून जातं, मागे काढायला काही उरत नाही. आईला मी खरवसाचं उदाहरण दिलं होतं. चीक तापवला की बसतो, तसं. फरक इतकाच की खरवस एकदा बसला की बसला, आणि हे गार केलं की पुन्हा पातळ होतं. आई म्हणाली, "मग त्यात एवढं काय, चार वर्षं?"

चार वर्षं का, तर सोलापूर.

मी कामाला सुरुवात केली ती नोव्हेंबरात. जानेवारीपर्यंत माझं जेल असं देखणं वागत होतं की मी स्वतःवर खूश होते. टेबलावर पातळ, सदतीस अंशांच्या पाण्यात टाकलं की घट्ट. वही भरून आकडे झाले. मग एप्रिल आला. एका सकाळी बाटली उलटी केली तर आतलं हललंच नाही. मला वाटलं, पॉलिमर बिघडला. नवा केला. तोही बाटलीतच बसला. पाणी बदललं, भांडी आम्लाने धुतली, रसायन पुरवणाऱ्याला दोन कडक पत्रं लिहिली. दहा दिवस मी हे करत होते आणि सर समोर बसून शेंगाचटणी-भाकरी खात बघत होते. अकराव्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. खोलीच अंगापेक्षा तापलेली होती. बाटलीला वाटत होतं आपण शरीरात आहोत.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"होय की."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू एसी मागितला असतास."

मागितला असता हे खरं. यंत्रांच्या खोलीत एसी होता. तिथे बसून सगळे आकडे एका महिन्यात मिळाले असते आणि इतर सगळे विद्यार्थी तेच करत होते. पण सरांचा नियम असा की औषध जिथे टोचायचं तिथली हवा प्रयोगशाळेत पाहिजे. "फ्रिज असलेल्याला औषध पोचतंच," ते म्हणायचे. "त्याच्यासाठी मला आणि तुला कशाला पगार?" मला पगार नव्हता. फेलोशिप होती, आणि तीही संपत आली होती.

दुसऱ्या वर्षी प्रगती दाखवायची बैठक मे महिन्यात आली. बाहेरून तीन तज्ज्ञ येणार होते. मी शहाणपणा केला. थर्मासमध्ये बर्फ भरला, त्यात जेलची सिरिंज ठेवली आणि थर्मास टेबलाखाली लपवला. वेळ आली की काढायची, दाखवायची, टाळ्या घ्यायच्या. सरांनी तो थर्मास पाहिला. माझी पाळी आली तेव्हा शांतपणे वाकले, सिरिंज काढली, आपल्या खिशात थर्मामीटरशेजारी ठेवली आणि पाहुण्यांशी गप्पा मारू लागले. सोलापूरला नळाला पाणी किती दिवसांआड येतं, मागच्या वर्षी किती दिवसांआड यायचं, टाकी कशी धुवावी. दहा मिनिटं. मग सिरिंज माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता दाखव."

दट्ट्या हलला नाही. मी दोन्ही अंगठ्यांनी दाबला तेव्हा सुई निघून पडली. तज्ज्ञांनी एक वर्ष वाढवलं.

त्या दिवशी मी एसटीत मोहोळपर्यंत रडले. घरी आईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "सर." तिने पुढे काही विचारलं नाही, पान वाढलं. आठ दिवस मी सरांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. नवव्या दिवशी म्हणाले, "उद्या सांगोल्याला जायचंय. सकाळची सहाची एसटी. सिरिंजा घे, बर्फ घेऊ नकोस."

सांगोल्याच्या पलीकडे एका वस्तीवर एक बाई राहत होत्या, त्यांना सगळे आक्का म्हणत. पन्नासेक शेळ्या आणि थोडी मेंढरं. सरांची आणि त्यांची ओळख कशी, हे मी कधी विचारलं नाही. सरांना ओळखी असायच्या. शेळ्यांच्या खुरांना जखमा होत, सात दिवस रोज सुई लागे, आणि डॉक्टर आठवड्यातून एकदा फिरकत. दुसऱ्या दिवशी कळप कुठल्या माळावर असेल ते आक्कांनाही सांगता येत नसे. सरांच्या डोक्यात जेलचा जन्म इथे झालेला होता. मला मात्र हे दोन वर्षांनी कळत होतं.

डाळिंबाच्या खोक्यात कागद भरून मी सिरिंजा आणल्या होत्या. आत नुसतंच जेल, औषध नाही. परवानगीवाचून कुठल्याही जनावराच्या केसाला हात लावायचा नाही, हे सर थर्मामीटरइतकंच कडक पाळत. पोचेपर्यंत अर्थात सगळं थिजलेलं. आक्कांनी एक सिरिंज हातात घेतली, दट्ट्या दाबून बघितला.

"ह्ये तर आडलं," त्या म्हणाल्या. "ऊन लागलंय ह्याला. मडक्यात ठिवा की."

"कसलं मडकं?" मी विचारलं.

"आमचं मामंजी व्हते, त्यांना साखरंची सुई लागायची. त्येची बाटली कुटं ठिवायची हितं? मडक्यात वली वाळू, वरनं वलं फडकं. लई गार ऱ्हातंय."

झोपडीच्या सावलीला ते मडकं अजून होतं. आक्कांनी वाळूवर पाणी शिंपडलं, सिरिंज आत खोचली. आम्ही भाकरी खाल्ली. तासाभराने काढली तर जेल पाण्यासारखं वाहत होतं. सरांनी थर्मामीटर वाळूत खोचलं : सव्वीस. बाहेर एक्केचाळीस. आणि हा माणूस हसला. मी त्यांना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि मला इतका संताप आला की काय सांगू. माझी दोन वर्षं एका मडक्यात मावली होती.

परतीच्या एसटीत म्हणाले, "बाटलीत बसतंय तर बसू दे. आपल्या हवेचं जेल कर. मडक्याच्या तापमानाच्या वर, अंगाच्या खाली थिजणारं. मडक्यात सुटलं पाहिजे, अंगात बसलं पाहिजे."

"आणि मधे किती वेळा बसलं आणि सुटलं तर चालेल?"

"ते तू मोज."

मी मोजलं. वर्षभर रोज जेल तापवलं, थिजवलं, मडक्यात सोडवलं, पुन्हा तापवलं. प्रयोगशाळेच्या खिडकीत कुंभारवाड्यातून आणलेली सहा मडकी, त्यांच्यावर ओले सोलापुरी टॉवेल. पाणी नळाला येईल त्या दिवशी भरून ठेवायचं. इतर विभागातले लोक येता जाता विचारायचे, ताक आहे का. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण मडक्यावर आहे. ते सरांनी एकही लाल गोल न करता परत दिलं, तेव्हा मला वाटलं, त्यांनी वाचलंच नाही.

या सुमारास मला पुण्याच्या एका औषध कंपनीतून बोलावणं आलं. मुलाखत झाली, निवड झाली. अट एकच : एक जूनला रुजू व्हायचं, येताना पीएचडीचा निकाल हातात पाहिजे. बाबा निवृत्त झाले होते, धाकटा भाऊ शिकत होता, आणि मला स्वतःला एसी असलेल्या खोलीत बसून 'रूम टेंपरेचर' असं लिहायचं होतं. तोंडी परीक्षा हिवाळ्यात घ्या म्हणून मी सरांच्या मागे लागले. त्यांनी तारीख घेतली वीस मे, दुपारी दोन.

वीस मेला दुपारी दोन वाजता बाहेरचे परीक्षक हजर, विभागातले सगळे हजर, माझी सहा मडकी हजर, आणि सर नाहीत. गाइड नसेल तर परीक्षा होत नाही. परीक्षकांची गाडी सहाची. ते भले गृहस्थ होते, पण सूट घालून आले होते आणि सरांनी एसीची खोली न घेता आमचीच प्रयोगशाळा नेमली होती. अडीच वाजता त्यांनी कोट काढला. पावणेतीनला टाय. सरांच्या घरी फोन केला तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, पहाटेच गेले, कुठे ते सांगितलं नाही, थर्मामीटर घेऊन गेलेत. मी मनात सरांना जे जे म्हटलं ते मोहोळच्या बाजारातसुद्धा कुणी बोलत नाही.

सव्वातीनला सर आले. मागे आक्का. आक्कांच्या कडेवर ओल्या चादरीत गुंडाळलेलं मडकं, सांगोल्यापासून एसटीत मांडीवर धरून आणलेलं.

"उशीर झाला," सर परीक्षकांना म्हणाले. "गाडी पंक्चर झाली. पण बरं झालं. जेल सव्वा तास जास्त उन्हात राहिलं." मग भिंतीपाशी जाऊन खिशातलं थर्मामीटर धरलं आणि वाचलं. "एक्केचाळीस पॉइंट पाच. सुरू करू."

खोटं कशाला बोलू, परीक्षा झकास झाली. आक्कांच्या मडक्यातली सिरिंज मी काढली, दट्ट्या दाबला, जेल बारीक सुईतून धारेसारखं आलं आणि कोमट पाण्याच्या चंचुपात्रात पडताच पांढरं होऊन बसलं. परीक्षकांनी घाम पुसत पुसत वीसएक प्रश्न विचारले, मी सगळ्यांची उत्तरं दिली. औषध सात दिवस कसं सुटत राहतं त्याचे आलेख दाखवले. शेवटी रीतीप्रमाणे ते म्हणाले, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय?" कधी कुणी विचारत नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"म्या इच्यारू?"

"विचारा की, आक्का," सर म्हणाले.

"ह्ये पाणी किती ऊन हाय?"

"सदतीस अंश," मी म्हणाले. "अंगाइतकं."

आक्कांनी पुढे येऊन पाण्यात बोट बुडवलं. "ह्ये मानसाचं अंग झालं," त्या म्हणाल्या. "शेळीचं ह्याच्यापरीस ऊन असतंय. थंडीत करडू कुशीत घितलं की मला वाकळ लागत न्हाय. आन खूर सडलं की तिला तापबी येतोय. मग तुमचं औषद सात दिस पुरंल व्हय?"

परीक्षक आधी हसले, मग हसू आवरून माझ्याकडे पाहू लागले. मी आलेखाकडे पाहिलं. प्रत्येक रेघेखाली सदतीस लिहिलेलं होतं. सगळ्या शोधनिबंधांत सदतीसच असतं, म्हणून मीही सदतीसच धरलं होतं. चार वर्षं आम्ही खोली कुणाची, खोली कुणाची करत होतो, आणि अंग कुणाचं हे एकदाही विचारलं नव्हतं. मी सरांकडे वळले. ते खाली बघत होते. थर्मामीटरचा दोरा बोटाला गुंडाळत होते.

"सर," मी म्हटलं, "कुणाचं अंग?"

"माझ्याकडूनसुद्धा विचारायचं राहिलं," ते म्हणाले. इतक्या हळू की परीक्षकांना ऐकू गेलं नसावं.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. चांगल्या मनानेच ते म्हणाले, "मुद्दा महत्त्वाचा आहे. पण एवढ्यासाठी मी मुलीला अडवणार नाही. 'पुढील काम' या सदरात एक ओळ घाला, मी आत्ता सही करतो. किंवा मग एकोणचाळीस आणि एक्केचाळीस अंशांचे आकडे महिन्याभरात जोडून पाठवा, मी तेव्हा सही करतो." कागद त्यांनी पुढे ओढला आणि सरांकडे पाहिलं. "गाइडचं काय म्हणणं?"

मला उत्तर माहीत होतं. चार वर्षं ऐकत आले होते. एक जून गेला, पुणं गेलं, नोकरी गेली, हे माझ्या मनात होऊनसुद्धा गेलं. मी भांडायला तयार होते. या खेपेला हात वर करून साकु म्हणाले असते तर मी सहाही मडकी तिथेच फोडली असती.

सरांनी पेन काढलं, कागदाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे. नोकरी तिची आहे. ती सांगेल तसं."

आणि ते उठून खिडकीपाशी गेले, मडक्यांवरच्या टॉवेलांवर पाणी शिंपडू लागले.

आक्का आपलं मडकं चादरीत नीट करत होत्या. त्यांना कंपनीचं, एक जूनचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त सात दिवस पुरेल का एवढं हवं होतं. मी पेनाकडे बघत होते, आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला, "एक महिना द्या."

महिना लागला. तापलेल्या शेळीइतक्या उबेला सात दिवसांचं औषध पाच दिवसांतच संपत होतं. आक्कांना आपल्या कुशीवरून कळलं ते आम्हाला यंत्रावरून कळलं. जेल बदललं, पुन्हा मोजलं, आकडे जोडले, पदवी मिळाली. पुण्याची जागा तोवर दुसऱ्या कुणाला मिळाली होती. मला नोकरी लागायला पुढे दीड वर्ष गेलं, आणि ते दीड वर्ष आमच्या घरात कसं गेलं ते मी इथे लिहिणार नाही.

सर आता निवृत्त आहेत. मी गेले की चहा होतो, चहात थर्मामीटर जातं, आम्ही साठची वाट बघत बसतो. मी अजूनही त्यांच्यावर रागावलेली आहे. इतकी वर्षं या माणसाने माझं ऐकलं नाही, आणि एकदाच, नेमक्या त्या दिवशी, ठरवायचं माझ्यावर सोडलं. तेव्हा नेहमीसारखा हट्ट केला असता तर त्या नोकरीचं खापर मला जन्मभर त्यांच्या डोक्यावर फोडता आलं असतं. तेवढीसुद्धा सोय त्यांनी माझी ठेवली नाही.